कोन्तं जॉर्जटाऊन?

भूगोल हा माझा हातखंडा विषय, हे मी कुणी विचारायच्या आत सांगत असे. घाटंजीपासून पाच मैलांवरच्या रामधन तांड्यावर मी, बबनराव राऊत, एकशिक्षकी शाळेचा गुरुजी होतो. शाळेच्या पडवीतच टपालाची शाखा होती, तेव्हा पोस्टमास्तरही मीच. चौथीपर्यंतची बावीस मुलं, एक फळा, एक टपालपेटी, शिक्क्याची गादी आणि माझ्या स्वतःच्या मालकीचं एक नकाशाचं पुस्तक, एवढा माझा संसार. पुस्तक मी नागपूरला ट्रेनिंगला असताना जुन्या बाजारातून घेतलं होतं. त्याच्या शेवटी गावांच्या नावांची सूची होती. जगातलं कुठलंही नाव सांगा, पान आणि चौकोन काढून दाखवतो, अशी माझी पैज असे. तांड्यात पैज घ्यायला कोणी पुढे येत नसे, ती गोष्ट वेगळी.

तांडा बंजाऱ्यांचा. नायक रामधनच्या आज्याच्या काळापर्यंत ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्रापासून इकडे आणत आणि इकडचं धान्य तिकडे नेत. रेल्वे आली, लदेणी, म्हणजे बैलांवरची ती मालवाहतूक, बसली, आणि बैलांमागे चालणारी माणसं नांगरामागे चालू लागली. आता कापूस, ज्वारी, तूर. पण जुन्या सवयी गेल्या नव्हत्या. म्हातारे अजून अंतर मैलांत सांगत नसत, पडावांत सांगत, एका दिवसाच्या चालीचा एक पडाव. आणि तांड्याला गावासारखं जमिनीला चिकटलेलं नाव नसे. नायकाचं नाव तेच तांड्याचं. तांडा उठला की नावही बैलावर बसून सोबत जाई. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात रामधन तांडे एकूण किती, हे कलेक्टरसाहेबांनाही धड सांगता आलं नसतं.

नायकाचा पुतण्या पूनमसिंग अठ्ठावन्न साली रस्त्याच्या कामावर म्हणून मुंबईला गेला. तिथून कुण्या मुकादमासोबत मद्रासला गेल्याचं कळलं आणि मग काहीच कळलं नाही. मागे म्हातारी आई मानीबाई, बायको रुपीबाई आणि धाकटा भाऊ धनसिंग. रुपीबाई दर टपालाच्या दिवशी शाळेच्या ओट्याशी येऊन उभी राही.  मी थैली उलटी करून दाखवायचो, ती जायची.

एकसष्टच्या श्रावणात पत्र आलं. जाड पाकीट, परदेशी तिकीट. मी ते हातात घेऊन नीट पाहतो न पाहतो तोच रुपीबाईनं ओढून घेतलं, आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर पाकिटाचा तिकीट लावलेला कोपरा फाडून मुठीत धरला. तिकिटावर वाघाचं चित्र होतं एवढंच मला दिसलं.

"अवं, आधी पत्र तर ऐक!" मी ओरडलो.

"ऐकतो ना. तुमी वाचा. हा वाघ माहा," ती म्हणाली.

पत्र हिंदीत, बिहारातल्या छपऱ्याच्या कुण्या मुन्शीकडून लिहवलेलं. मी ते अख्ख्या तांड्यासमोर वाचलं. पूनमसिंगनं कळवलं होतं की मद्रासहून जहाजानं सात दिवसांत या बंदराला आलो, बंदराचं नाव जॉर्जटाऊन. जहाजाची नोकरी सोडली. एका चिनी शेठनं माझं नाव ऐकलं, डोक्यावरची पगडी पाहिली आणि मला सरदारजी समजून गोदामावर चौकीदार ठेवलं. मी त्याला काही सांगितलं नाही. दाढी वाढवून राहिलो आहे. गोदामात सुपारी आणि सुकं खोबरं आहे, काम बसून आहे. दोन वर्षांत येतो.

तांडा खूप हसला. धनसिंगला तर हसू आवरेना. मानीबाई म्हणाली, "सरदारजी झाला म्हंते माहा पोट्टा!" आणि डोळे पुसू लागली.

मी लगेच नकाशाचं पुस्तक आणलं. सूचीत जॉर्जटाऊन एकच होतं, दक्षिण अमेरिकेत, ब्रिटिश गियाना नावाच्या मुलखात. मी पान उघडून बोट ठेवलं. मग फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला, आपला देश एका अंगाला, ते बंदर दुसऱ्या अंगाला. रामधन नायक बराच वेळ त्या गोलाकडे पाहत राहिला.

"गुरुजी, हा पल्ला सात पडावांचा दिसत नाई," तो म्हणाला.

"नायक, जहाज म्हणजे बैल नाही," मी म्हणालो. लोक पुन्हा हसले, आणि हसवणारा मी होतो याचा मला आनंद झाला.

रुपीबाईनं वाघाच्या तिकिटाचं काय केलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत नागपूरच्या वर्तमानपत्रात बातमी आली. पेपर आमच्याकडे दोन दिवस शिळा येई. ब्रिटिश गियानाच्या जॉर्जटाऊन बंदरात दंगल होऊन बाजारपेठेला आग लागली, दुकानं, गोदामं राख झाली, माणसं मेली. मी बातमी दोनदा वाचली आणि शाळा सोडली. असली बातमी मनात ठेवणं बरोबर नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर असली बातमी पहिल्यांदा आपण सांगावी, हीसुद्धा माणसाला एक हौस असते.

सगळे ओट्यासमोर जमले. मी मोठ्यानं, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "गोदामं" हा शब्द आला तेव्हा मानीबाई मटकन खाली बसली.

रुपीबाई उभीच होती. तिच्या दोन्ही दंडांवर कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरा चूडो होता. हाडाच्या त्या बांगड्या नवऱ्याच्या घरी चढवतात आणि नवरा असेपर्यंत उतरवत नाहीत. तिनं विचारलं, "गुरुजी, कोन्तं जॉर्जटाऊन?"

"कोन्तं म्हणजे?"

"म्हंजे ह्याच नावाचं दुसरं बी असंन ना एखांदं. आपलेच पाहा ना, रामधन तांडे चार हायेत. चिठ्ठ्या इकडच्या तिकडे जातात."

आज लिहितानाही मला माझा त्या वेळचा आवाज ऐकू येतो. "बंदर म्हणजे काय तुमचा तांडा आहे, बाई? उठला, बसला, नाव घेऊन फिरला! बंदर समुद्राला बांधलेलं असतं. पुस्तकात जॉर्जटाऊन एकच आहे, आणि पुस्तक इंग्रजांनी छापलंय."

दोन-तीन जण हसले.  नंतर कुणीच तो प्रश्न विचारला नाही, कारण गुरुजींनी उत्तर दिलं होतं.

तरी तांड्यानं घाई केली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. नायक म्हणाला, बातमी बंदराची आहे, माणसाची नाही. चौकशी करा. मग मीच इंग्रजीत एक पत्र लिहिलं. ब्रिटिश गियाना, जॉर्जटाऊन, तिथल्या पोस्टमास्तरास, असा पत्ता घातला, आणि पूनमसिंग नावाचा गोदामाचा चौकीदार जिवंत आहे का, अशी विचारणा केली. इंग्रजी तपासायला घाटंजीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी एकच चूक काढली, ती स्पेलिंगची. ती सुधारली याचा मला केवढा अभिमान!

होळी आली. त्या वर्षी नायकाच्या घराण्यातली माणसं नाचली नाहीत. पेरण्या झाल्या. पूनमसिंगचं पत्र येत नव्हतं. रुपीबाई टपालाच्या दिवशी येऊन उभी राही, मी थैली उलटी करून दाखवी. आता मी तिच्याकडे पाहायचं टाळत असे, कारण ती अजून वाट पाहते याची मला कीव येत होती. शहाण्या माणसाला दुसऱ्याची कीव लवकर येते.

पोळ्याच्या आठवड्यात उत्तर आलं. सरकारी कागद, टाइप केलेला, फार सभ्य भाषेत. आपण विचारलेल्या नावाची व्यक्ती आमच्या शहरात आढळत नाही, आगीत ज्यांचा पत्ता लागला नाही अशांबद्दल आम्हाला खेद आहे. मी नसाबपुढे, म्हणजे तांड्याच्या पंचांपुढे, शब्दाशब्दाचा अर्थ सांगितला. एका पंचानं तो कागद मागून घेतला, उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

नसाबनं ठरवलं, दसऱ्यानंतर रुपीबाईचा चूडो उतरवायचा आणि रीतीप्रमाणे तिला धाकट्या दिराच्या, धनसिंगच्या घरात बसवायचं. बाई उघड्यावर पडू नये म्हणून ही रीत आहे, आणि पुष्कळ बायकांना तिनं तारलंही आहे. पण दुसऱ्या दिवशी रुपीबाई एकटी शाळेत आली. मुलं पाढे म्हणत होती.

"गुरुजी, तुमी नसाबले सांगा. तुमचं आयकतात."

"काय सांगू?"

"मी आली तवा धनसिंग पाच वर्षांचा होता. त्याचं नाक मी पुसलं, त्याले भाकर मी चारली. नदीवर नेऊन आंघोय घातली. त्याची बाई कशी होऊ मी?" मग म्हणाली, "आनि माहा मानूस मेला नाई. मले मालूम हाय."

"कसं मालूम?"

ती मुलांच्या पाट्यांकडे पाहू लागली. मी म्हणालो, "बाई, मनाला वाटणं वेगळं आणि पुरावा वेगळा." ती उठून गेली. बाहेर धनसिंग बैलांना पाणी पाजत उभा होता. त्यानं मान वर केली नाही. त्यालाही हे नको होतं, पण एकोणीस वर्षांच्या मुलाला नसाबपुढे कोण विचारतो?

दसरा झाला. ठरलेल्या दिवशी मी साक्षीदार म्हणून गेलो. सरकारी मुलकी कामासाठी लिहून ठेवणारं कोणी हवं, असं नायकाचं म्हणणं. पुरुष बाहेर बाजांवर बसले होते. बायका आत. ऊन चांगलं वर आलं होतं आणि शेतांत पहिली बोंडं फुटली होती.

आत केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या सोडल्याचा आवाज आला. मग डाव्या दंडाच्या बांगड्या. त्या इतक्या घट्ट असतात की निघत नाहीत, खाली पाटा ठेवून दगडानं फोडाव्या लागतात. एकेक तुटल्याचा आवाज बाहेर येत होता. रुपीबाईच्या रडण्याचा आवाज मात्र आला नाही. मी हातातल्या वहीत तारीख लिहिली.

डावा दंड झाला. मग बायकांनी तिची आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, उतरवली. विधवेनं आरसे घालायचे नसतात, आणि आरसे फेकायचेही नसतात. ते उसवून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कामी येतात. मानीबाई सुईच्या टोकानं एकेक आरसा उसवत होती. थोड्या वेळानं ती पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"गुरुजी, हे आरशाच्या मांगे शिवेल होतं. तिच्या छातीवरच्या मोठ्या आरशाच्या. सरकारी कागद दिसते. फेकू का ठिवू?"

तिच्या तळव्यावर वाघाचं तिकीट होतं. घामानं थोडं पिवळं पडलेलं, चारी कडांना दोऱ्याची भोकं. पण शिक्का एका कोपऱ्यावर होता आणि अक्षरं स्वच्छ होती. मी ती वाचली. मलाया. त्याखाली पिनांग.

मी पुन्हा वाचली. पिनांग माझ्या पुस्तकात होतं. मद्रासच्या पूर्वेला, बंगालच्या उपसागरापलीकडे, एवढासा टिपका. त्या टिपक्याशेजारी दुसरं कुठलंही नाव छापलेलं नव्हतं. पण पत्र पिनांगचं तिकीट लावून आलं होतं, आणि पत्रात बंदराचं नाव जॉर्जटाऊन होतं. म्हणजे पिनांगच्या बंदरालाही तेच नाव होतं, आणि माझ्या पुस्तकाला ते ठाऊक नव्हतं. जळालेलं बंदर पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला होतं. पूनमसिंग तिथे कधी गेलाच नव्हता. मग तिथल्या पोस्टमास्तराला तो सापडणार कुठून?

आता एक गोष्ट कबूल करतो, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. तिथे इंग्रजी वाचणारा मी एकटाच होतो. मानीबाई विचारत होती, फेकू का ठेवू. "फेका" एवढं म्हटलं असतं तर रामधन तांड्यावर बबन गुरुजी शहाणे ते शहाणेच राहिले असते. हा विचार माझ्या मनात आला. किती वेळ राहिला ते सांगता येत नाही, पण आला.

आतून पुन्हा पाटा सरकवल्याचा आवाज आला. उजव्या दंडाची तयारी.

"थांबा!" मी ओरडलो. "दगड खाली ठेवा! कोणी हात लावू नका तिला!"

सगळे उठून उभे राहिले. मी काय काय बोललो ते धड आठवत नाही. तिकीट नायकाच्या हातात दिलं, एका मुलाला पुस्तक आणायला पिटाळलं, दोन्ही पानं उघडून दोन्ही बंदरं दाखवली.  नायकानं मद्रासवर बोट ठेवलं आणि पिनांगपर्यंत सरकवलं.

"हे सात दिवसांचं हाय," तो म्हणाला. "हे बरोबर हाय. मी तवाच म्हनलं होतं तुमाले."

"म्हटलं होतं," मी म्हणालो. "माझी चूक झाली, नायक. माझीच झाली."

रुपीबाई दारात आली होती. खांद्यावर कुणीतरी घोंगडी टाकलेली. डावा दंड उघडा, त्यावर बांगड्यांच्या जागी फिकट पट्टे, दोन ठिकाणी दगड लागून रक्त. उजव्या दंडावर चूडो तसाच. तिनं सगळं ऐकलं होतं.  तिनं नायकाकडे हात केला, तिकीट मागून घेतलं आणि आत गेली.

नसाब तिथेच पुन्हा बसली. फुटलेला चूडो परत चढवता येईना, कारण तो नवऱ्यासमोरच चढतो. उजवा उतरवता येईना, कारण नवरा मेल्याचा पुरावा उरला नाही. एक पंच म्हणाला, "तिकिटानं तो जळाला नाई हे समजलं. जिवंत हाय हे कुठं समजलं? वर्षापासून चिठ्ठी काहून नाई?" बोलणं बिनतोड होतं. नायकानं पुढच्या होळीपर्यंत मुदत दिली. तोवर खबर आली नाही, तर उजवाही उतरेल आणि धनसिंगचं घर.

मी घरी आलो. बायकोनं वाढलेलं ताट तसंच ठेवलं. रुपीबाईनं फेब्रुवारीत विचारलेला प्रश्न मी आठवत बसलो, आणि तेव्हा त्यातलं दुसरं वाक्य आठवलं. रामधन तांडे चार आहेत, चिठ्ठ्या इकडच्या तिकडे जातात. मी पोस्टमास्तर. मला हे तिनं सांगावं, आणि मी तिला हसावं.

दिवाळीची सुट्टी लागली तसा निघालो. रेडिओवर जिकडेतिकडे चीनच्या लढाईच्या बातम्या होत्या, एस.टी.त लोक त्याच बोलत होते. राळेगावकडचा रामधन तांडा आधी गाठला. स्टँडवरून भाड्याची सायकल घेतली, चार मैल गेलो. तिथे काही नव्हतं, उलट त्यांचीच दोन पोस्टकार्डं हरवली होती आणि ती आमच्याकडे आहेत का, असं त्यांनी मला विचारलं. दुसरा तांडा उठून नाव घेऊन आदिलाबादकडे गेला होता. तिसरा झरीच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. पांढरकवड्याहून पुढे एका लाकडाच्या ट्रकमधून गेलो, शेवटचे सहा मैल पायी.

तिथला रामधन नायक मरून दहा वर्षं झाली होती. त्याचा मुलगा सेवादास नायक होता, पण तांड्याचं नाव अजून बापाचंच चालत होतं. मी कोण, कुठला, कशासाठी आलो ते सांगितलं. त्यानं मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि घरात गेला. ज्वारीच्या कणगीमागून कापडात बांधलेलं पुडकं घेऊन आला. आत जाड पाकीट. वर वाघ.

पत्ता होता: रुपीबाई, रामधन तांडा, जिल्हा यवतमाळ. मुन्शी घाटंजी लिहायला विसरला होता.

"वैशाखात आलती," सेवादास म्हणाला. "आमच्याकडे रुपीबाई नावाची कोनी नाई. पोस्टमन म्हने ठिवून घ्या. आमी फोडली नाई."

"परत का नाही पाठवलीत?"

"कोनाले पाठवू? आमच्या आज्यापंज्यानं लोकायचा माल वाह्यला, गुरुजी. ज्याचा माल त्यानं येऊन मागावं. तोवर ठिवावं. तुमी आले, घेऊन जा."

ते पाकीट मी परतीच्या सगळ्या वाटेवर छातीच्या खिशात ठेवलं. फोडून पाहावं असं दहा वेळा वाटलं. आत पत्र कुणाचं आहे, काय आहे, तो जिवंत आहे का दुसऱ्याच कुणी वाईट बातमी लिहिली आहे, काही माहीत नव्हतं. तारखेचा शिक्का पुसट होता. पण पत्र माझं नव्हतं. ज्याचा माल त्याचा, हे त्या माणसानं मला पाच मिनिटांत शिकवलं होतं, आणि मी अकरा वर्षं शिक्षक होतो.

तांड्यावर पोचलो तेव्हा कापूस वेचून बायका परतत होत्या. रुपीबाईच्या डोक्यावर गाठोडं होतं. वर धरलेला डावा हात उघडा दिसत होता. वेचणीच्या दिवसांत बाकीच्या बायका तिला शेवटच्या ओळीत चालायला लावत, कारण ती ना सवाष्ण, ना विधवा. तिला कशात धरावं हे कुणाला कळत नव्हतं. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं होतं, आणि ज्या तऱ्हेनं सांगितलं होतं त्यानंतर मी तिच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो.

मी पाकीट पुढे केलं. रुपीबाईनं गाठोडं उतरवलं, पाकीट घेतलं, वाघ पाहिला. या वेळी कोपरा फाडला नाही. पाकीट मला परत दिलं.

"इथं नाई," ती म्हणाली. "ओट्यावर चला. सगळ्यायले बलवा. नायकाले बी."

"आधी मी एकटाच वाचून पाहतो. काय असेल नसेल..."

"नाई. त्या दिवशी जसं वाचलं होतं तुमी, तसंच वाचा. मोठ्यानं."

सगळे जमले. नायक आला, पंच आले. धनसिंग लांब, बैलगाडीच्या जुवावर बसला. मानीबाईनं माझ्या पायाशीच बैठक मारली. मी ओट्यावर उभा राहिलो आणि पाकीट फोडलं. तोच छपऱ्याचा मुन्शी, तीच हिंदी. मी वाचत, त्यांच्या भाषेत सांगत गेलो.

"घरच्या सर्वांना पूनमसिंगचा रामराम. मी खुशाल आहे." इथे मानीबाईनं माझा पाय धरला. "शेठ चांगला आहे. दाढी आता छातीपर्यंत आली. एक खरा सरदारजी इथे आला होता, त्यानं मला ओळखलं, पण तो हसला आणि शेठला बोलला नाही."

कुणीही हसलं नाही. मी पुढची ओळ आधी डोळ्यांनी पाहिली आणि थांबलो.

"वाचा," रुपीबाई म्हणाली.

"रुपीला सांगा. आमच्या मुन्शीनं अखबारात वाचलं की याच नावाचं दुसरं एक बंदर आहे, फार लांब, ते जळालं. तिकडे कुणी ऐकलं तर वाटेल की मीच जळालो. तर घाबरू नये. ते जॉर्जटाऊन दुसरं. मी ज्यात आहे ते सलामत आहे. कुणी काही म्हटलं तर रुपीनं आधी विचारावं, कोणतं जॉर्जटाऊन."

 नायक जमिनीकडे पाहत होता. धनसिंग जुवावरून उतरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

रुपीबाई जागची हलली नाही. डाव्या दंडावरचे ते फिकट पट्टे तिनं दुसऱ्या हातानं झाकले नाहीत, पदरही ओढला नाही.

"मी इचारलं होतं, गुरुजी," ती म्हणाली.

"हो."

"ते शेवटचं अजून एक डाव वाचा."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.